बटण दाबा, विज्ञान पाहा

भारतातून आई-वडील, सासू-सासरे किंवा मावशी-काका उन्हाळ्यात आले की आपला कार्यक्रम ठरलेला असतो. कोकनहॉफ (मे अर्धा उलटला असेल तर ट्युलिप हुकलेच), झान्स स्खान्सच्या पवनचक्क्या, माडुरोडाम, आणि पाऊस लागला की म्युझियम. वर्षाचं म्युझियमकार्ड काढलेलं असतं, ते वसूल करायचं असतं. रेम्ब्रांटपुढे मुलं दहा मिनिटांत कंटाळतात, म्हणून मग विज्ञानाचं म्युझियम. ‘तेवढंच मुलं काहीतरी शिकतील.’

वाचकहो, या लेखात मला त्या ‘काहीतरी’बद्दल लिहायचं आहे. मुलं तिथे नेमकं काय शिकतात? आणि मुलांचं सोडा, आपण मोठी माणसं, ज्यातले निम्मे इंजिनियर, आपण तिथून विज्ञानाबद्दल कोणती समजूत घेऊन बाहेर पडतो? या देशात विज्ञानाची म्युझियमं उदंड आहेत. गेल्या काही वर्षांत त्यातली बरीच मी एकदा मुलांबरोबर आणि एकदा एकट्यानं, अशी दोनदा पाहिली. एकट्यानं पाहिलेली जास्त बोलकी निघाली.

सुरुवात ॲमस्टरडॅमच्या नेमोपासून करू, कारण ते आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं. सेंट्रल स्टेशनजवळ पाण्यातून वर आलेल्या हिरव्या जहाजासारखी ती इमारत रेन्झो पियानो यांची. १९९७ साली ती ‘न्यू मेट्रोपोलिस’ या नावानं उघडली आणि २००० पासून ‘नेमो’ झाली. आत साबणाच्या पाण्याच्या पडद्यात उभं राहता येतं आणि एकातून एक घडत जाणाऱ्या घटनांची ती प्रसिद्ध साखळी पाहता येते. मुलं खूश, आई-बाप वरच्या गच्चीवर कॉफी पितात, सगळं छान.

पण एका कोपऱ्यात उभं राहून कुठल्याही एका मुलाकडे पंधरा मिनिटं पाहा. तो बटण दाबतो, काहीतरी घडतं, तो हसतो आणि पुढच्या बटणाकडे पळतो. प्रयोग प्रत्येक वेळी यशस्वी होतो. झाला नाही तर त्यावर ‘नादुरुस्त’ अशी पाटी लागते आणि तंत्रज्ञ येऊन तो दुरुस्त करून जातो. म्हणजे तिथे ‘न होणं’ हा बिघाड असतो. आपल्यापैकी ज्यांनी पीएच.डी.ची चार-पाच वर्षं प्रयोगशाळेत किंवा संगणकापुढे घालवली आहेत त्यांना विचारा. त्या वर्षांतले बहुतेक दिवस ‘न होण्या’चेच असतात, आणि का झालं नाही हे शोधण्यालाच संशोधन म्हणतात. मांडणी करणाऱ्यानं आधी ठरवून ठेवलेलं उत्तर सोडून दुसरं काही सापडण्याची सोय या बटणांत नसते.

ही कल्पना मुळात अशी नव्हती. ‘हात लावून पाहा’ या पद्धतीच्या म्युझियमांचा एक मोठा आधार म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचं ‘एक्सप्लोरेटोरियम’. ते १९६९ साली फ्रँक ओपेनहायमर यांनी सुरू केलं. अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपेनहायमर यांचे हे धाकटे भाऊ. मॅकार्थीच्या काळात विद्यापीठातली नोकरी गेली, काही वर्षं गुरं राखली, मग कोलोरॅडोत शाळामास्तरकी केली. येणाऱ्यानं उपकरणाशी खेळावं, एक गोष्ट बदलून पाहावी, काय होतं ते पाहून पुन्हा बदलावी, ही त्यांची इच्छा. जगभर त्यांची नक्कल झाली. नकलेत बटण आलं, बदलणं बऱ्याच ठिकाणी वाटेत गळालं.

नेमोची स्वतःची वंशावळ तर आणखी मजेशीर आहे. त्याचं मूळ १९२३ साली हर्मन हाइएनब्रॉक या चित्रकारानं काढलेल्या ‘श्रमाच्या म्युझियम’मध्ये आहे. भट्ट्या, कारखाने आणि तिथे घाम गाळणारी माणसं हे या चित्रकाराचे विषय. वस्तू कशा बनतात आणि त्या कोण बनवतं हे लोकांना कळावं म्हणून त्यानं म्युझियम काढलं. शंभर वर्षांत त्या घामाचे साबणाचे फुगे झाले. लॅटिनमध्ये ‘नेमो’ म्हणजे ‘कोणीही नाही’. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हा अर्थ कितपत होता कोण जाणे, पण श्रमाच्या म्युझियमचं नाव शेवटी ‘कोणीही नाही’ व्हावं, यावर आपल्याकडच्या एखाद्या विनोदी लेखकानं झकास लेख लिहिला असता.

आइंडहोवनवाल्या वाचकांना इथे एव्होलुऑनची आठवण होईल. फिलिप्सनं आपल्या पंचाहत्तरीनिमित्त १९६६ साली ही उडती तबकडी गावाला भेट दिली. भविष्य किती सुंदर असेल हे दाखवणारं ते प्रदर्शन १९८९ मध्ये बंद पडलं. २०२२ साली तिथे पुन्हा प्रदर्शन भरलं तेव्हा त्याचा विषय होता जुन्या काळी लोकांनी कल्पिलेलं भविष्य! यावर अधिक काय लिहावं?

आता हार्लेमला जाऊ. स्टेशनपासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर, नदीकाठी टायलर्स म्युझियम आहे. पीटर टायलर हा कापडाचा व्यापारी आणि सावकार १७७८ साली वारला आणि संपत्ती विद्या-कलांसाठी ठेवून गेला. त्यातून १७८४ मध्ये उघडलेलं हे या देशातलं सर्वांत जुनं म्युझियम. इथे बटणं जवळजवळ नाहीतच. काचेची कपाटं, जीवाश्म, पितळी उपकरणं, लाकडाचा वास. मुलं इथे वीस मिनिटांत कंटाळतील, हे आधीच सांगून ठेवतो. पण इथल्या दोन वस्तूंसाठी मी कुणालाही हार्लेमला पाठवीन.

पहिली म्हणजे विजेचं अजस्र यंत्र. जॉन कथबर्टसन या कारागिरानं १७८४ साली ते बांधलं. सुमारे १.६५ मीटर व्यासाच्या काचेच्या दोन तबकड्या हातानं फिरवायच्या, घर्षणानं वीज साठवायची आणि दोन फुटांपर्यंत लांब ठिणगी पाडायची. म्युझियमचा प्रमुख मार्टिनुस फान मारुम याचा हिशेब सरळ होता : यंत्र जितकं मोठं तितकं निसर्गाचं रहस्य मोठं. ठिणग्या जगभर गाजल्या. प्रयोगात एक चमत्कारिक वासही त्यानं नोंदवला, जो पुढे ओझोनचा ठरला. पण विजेच्या शास्त्रातली पुढची मोठी उडी १८०० साली मारली ती इटलीत व्होल्टानं, जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे एकावर एक रचून. टेबलावर मावणारी ती चळत ठिणगी कसली पाडणार, पण प्रवाह सतत देत राहिली. अजस्र यंत्र दिमाखात उभं राहिलं आणि रस्ता दुसरीकडूनच गेला.

ही गोष्ट मला त्या यंत्राहून मोठी वाटते. यंत्राकडे नुसतं पाहणाऱ्याला मात्र ती दिसत नाही. त्याला दिसते भव्यता, आणि विज्ञान म्हणजे मोठी यंत्रं आणि मोठी ठिणगी एवढंच तो घेऊन जातो. वस्तू स्वतःहून बोलत नाही, तिच्या शेजारी काय ठेवलंय त्यावर ती काय बोलणार हे ठरतं. त्या तबकड्यांशेजारी व्होल्टाची मूठभर चळत ठेवा आणि पाहा.

दुसरी वस्तू एक शिळा आहे. तिच्यात एक सांगाडा रुतलेला आहे. झ्युरिकचा डॉक्टर शॉइख्त्सर यानं १७२६ साली जाहीर केलं की हा नोहाच्या काळच्या महापुरात बुडालेल्या पापी माणसाचा सांगाडा. लॅटिनमध्ये नाव दिलं ‘पुराचा साक्षीदार मानव’. पुढे कुणाला तो मासा वाटला, कुणाला सरडा. १८०२ साली फान मारुमनं ती शिळा टायलर्ससाठी विकत घेतली. पॅरिसच्या क्युव्हिएनं नुसतं चित्र पाहून सांगितलं होतं की हा राक्षसी सॅलमँडर आहे, बेडकाच्या दूरच्या नात्यातला प्राणी. १८११ मध्ये तो स्वतः हार्लेमला आला. सॅलमँडरच्या सांगाड्याचं चित्र शेजारी ठेवलं आणि पुढचे पाय कुठे असायला हवेत हे त्यावरून ठरवून तिथला दगड कोरायला घेतला. पाय निघाले.

जरा थांबून विचार करा, इथे काय काय झालंय. एका विद्वानाची चूक आहे, आणि ती प्रामाणिक आहे, कारण त्याच्या काळी पुराची गोष्ट हीच पृथ्वीच्या इतिहासाची चौकट होती. मग मतभेद आहेत. मग एक असं भाकीत आहे जे खोटं ठरू शकलं असतं, कारण दगडात पाय निघाले नसते तर क्युव्हिएची फजिती सगळ्या हार्लेमनं पाहिली असती. आणि शेवटी छिन्नी आहे. विज्ञान कसं चालतं हे सांगायला याहून चांगली वस्तू मला युरोपात कुठे दिसलेली नाही. ती शिळा बटणाविना एका कपाटात शांतपणे पडून आहे, आणि लोक ‘हं, जीवाश्म’ म्हणून पुढे जातात. नेमोनं ही गोष्ट उचलली पाहिजे. मुलांना प्लास्टरचा ठोकळा द्या, चार प्राण्यांच्या सांगाड्यांची चित्रं द्या, आधी पैज लावायला सांगा आणि मग कोरू द्या. काहींना पाय सापडू नयेत, हेही ठरवून करा.

चूक लपवण्याहून मोठं लपवणं म्हणजे माणसं लपवणं. लायडनमध्ये याची दोन उदाहरणं आहेत. बूरहावे म्युझियममध्ये कामर्लिंग ओनेस यांचं यंत्र आहे, ज्यावर १० जुलै १९०८ रोजी हेलियम पहिल्यांदा द्रवरूप झाला. नोबेल १९१३ साली त्यांना मिळालं ते योग्यच. पण ती प्रयोगशाळा कारखान्यासारखी चालायची. काच फुंकणारे होते, यांत्रिक कारागीर होते, आणि असे कारागीर तयार व्हावेत म्हणून १९०१ साली खास शाळा निघाली होती. १९११ साली पाऱ्याचा विजेला होणारा रोध एकाएकी नाहीसा झालेला मोजला तो गिलेस होल्स्ट या साहाय्यकानं, आणि शोधनिबंधावर नाव एकट्या ओनेस यांचं. हाच होल्स्ट पुढे फिलिप्सच्या प्रयोगशाळेचा पहिला संचालक झाला, म्हणून निदान त्याचं नाव तरी उरलं. काच फुंकणाऱ्यांचं कुणी विचारावं?

दुसरं उदाहरण नॅचरॅलिसचं, आणि ते जास्त बोचरं आहे. युजेन ड्युबुआ हा डच डॉक्टर माकड आणि माणूस यांच्यातला दुवा शोधायला १८८७ मध्ये सैन्यात भरती होऊन आजच्या इंडोनेशियात गेला. १८९१ मध्ये जावा बेटावर त्रिनिल इथे सोलो नदीच्या काठी ती प्रसिद्ध कवटी मिळाली, पुढच्या वर्षी मांडीचं हाड. ‘जावा मानव’ आपण शाळेच्या पुस्तकात वाचला आहे, तोच हा. वर्षानुवर्षं लायडनला हे अवशेष ‘ड्युबुआचा शोध’ म्हणून पाहिले गेले. पण सरकारनं त्याला खोदायला दिले होते पन्नास सक्तमजुरीचे कैदी, आणि त्यांच्यावर सैन्यातले दोन हाताखालचे अधिकारी. बराचसा काळ ड्युबुआ स्वतः त्या खड्ड्यावर नसायचाच. माल पेट्यांत भरून त्याच्याकडे जायचा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये डच सरकारनं अठ्ठावीस हजारांहून अधिक नगांचा हा संग्रह इंडोनेशियाला परत देण्याचा निर्णय जाहीर केला.

त्यावर ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर एका डच सहकाऱ्यानं मला विचारलं, “पण विज्ञानाला कुठला देश असतो?” प्रश्न वाईट नाही. माझं उत्तर इतकंच की विज्ञानाला देश नसेल, फावड्याला असतो. आपली मुलं या म्युझियमांत वाढताहेत. भिंतीवरची नावं वाचून विज्ञान करणारा माणूस कसा दिसतो याचं चित्र त्यांच्या डोक्यात तयार होतं. ते चित्र तिरंगी करा असं माझं अजिबात म्हणणं नाही. पुराणातल्या विमानांची प्रदर्शनं भरवणारे आपल्याकडे आहेतच, ती दुकानदारी इथे नको. खोदलं कुणी, मोजलं कुणी, ते लिहा. तेवढंच.

या सगळ्याहून मला आवडतं ते फ्रानेकर. फ्रीसलंडमधलं छोटं गाव, कालव्याकाठचं छोटं घर. आइसे आइसिंगा हा लोकर विंचरणारा. मे १७७४ मध्ये चंद्र, बुध, शुक्र, मंगळ आणि गुरू आकाशात एका ठिकाणी जमणार होते. एका पाद्र्यानं पुस्तिका काढली की त्यामुळे पृथ्वी कक्षेतून ढळू शकेल. लोक घाबरले. आपल्या घरच्या मोठ्यांना फेब्रुवारी १९६२ ची अष्टग्रही आठवत असेल, तसाच प्रकार. यज्ञ काय, जप काय! माझी आजी त्या दिवसांचं वर्णन करताना अजूनही आवाज खाली आणायची. आणि पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तारांगण १९५४ सालीच उघडलं होतं. म्हणजे नुसतं तारांगण असून भागत नाही.

आइसिंगानं सात वर्षं खपून, १७८१ पर्यंत, बैठकीच्या खोलीच्या छतात चालती सूर्यमाला बसवली. लाकडी चाकं, दात म्हणून हजारो हाती घडवलेले खिळे आणि सगळ्याला एक लंबक. शनी आजही त्याच्या वेगानं एकोणतीस वर्षांत एक फेरी घेतो. छत म्हणजे एक दावा आहे, आणि दावा तपासता येतो : खाली पाहा, बाहेर जा, आकाशात पाहा. २०२३ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हटलं.

त्यात एक गंमत आहे. ज्या वर्षी छत पूर्ण झालं त्याच वर्षी, १७८१ च्या मार्चमध्ये, हर्शेलनं युरेनस शोधला. आइसिंगाच्या छतावर युरेनस नाही. त्याचं प्रमाण होतं दहा लाख किलोमीटरला एक मिलिमीटर. त्या मापानं युरेनस सूर्यापासून पावणेतीन मीटरच्याही पलीकडे, म्हणजे भिंत फोडून शेजारी! म्हणून छत खोटं ठरतं का? शनीपर्यंत ते आजही अचूक आहे. शनीपलीकडे त्याला विचारायचं नाही. कुठल्याही मॉडेलबद्दल हे दोन प्रश्न विचारता आले की अर्धं शहाणपण आलं : कुठपर्यंत विश्वास ठेवायचा, आणि कुठे थांबायचं?

माझं पोटच मॉडेलांवर भरतं, म्हणून मला हे लागतं. २९ मे २०१९ रोजी इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं नायट्रोजनच्या परवान्यांची जुनी पद्धत रद्द केली. बांधकामं अडली, गोठे अडले, आणि १ ऑक्टोबरला ट्रॅक्टर हेगमध्ये घुसले. त्याच महिन्यात शेतकरी बिल्टहोवनला, हे आकडे काढणाऱ्या सरकारी संस्थेच्या दारावरही गेले. म्हणणं असं की तुम्ही मोजत नाही, संगणकात काढता, म्हणजे आकडे बनावट. दुसरी बाजू म्हणे, तज्ज्ञांनी सांगितलंय, गप्प बसा. मला तर दोन्ही बाजू एकाच बटणाची लेकरं वाटली. एकाला वाटतं यंत्र दाबलं की सत्य बाहेर पडतं, दुसऱ्याला वाटतं तसं होत नसेल तर यंत्र लबाड आहे. करोनाच्या दिवसांतही, दर पंधरवड्याला सल्ला बदलला की हेच ऐकू यायचं.

२०२० मध्ये लेन होर्डाइक यांच्या समितीनं निवाडा दिला तो फ्रानेकरच्या छतासारखाच होता. देशभराच्या हिशेबासाठी मॉडेल चांगलं आहे, पण परवाना देताना त्याच्याकडून इतक्या बारीक जागेचा आकडा मागितला जातोय जो त्याला पेलत नाही. मापनं वाढवा. हा अहवाल किती शेतकऱ्यांनी वाचला असेल? आणि शहरातल्या किती जणांनी? मी पाहिलेल्या कुठल्याही म्युझियममध्ये ‘मॉडेल म्हणजे काय’ हे सांगणारी खोली मला दिसली नाही.

ज्या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली आहे तिथे अशी खोली नसावी याचं नवल वाटतं, कारण या देशाला मॉडेलांनी तारलं आहे. नूर्डओस्टपोल्डरमध्ये मार्कनेसेजवळ वाटरलोपबॉस नावाचं रान आहे. तिथे १९५० च्या दशकापासून चाळीसेक वर्षं डेल्फ्टच्या जलप्रयोगशाळेनं बंदरं आणि बांध यांच्या लहान प्रतिकृती उघड्यावर बांधून त्यात पाणी खेळवलं. आज त्यावर शेवाळ आहे आणि लोक कुत्री फिरवायला जातात. पुणेकरांना यात परकं काही वाटणार नाही. १९१६ साली सुरू झालेली आपल्या खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था हेच करते.

अशा प्रतिकृतीत एक गोम असते. आडव्या मापांना चारशेपट लहान केलं आणि खोलीलाही तसंच केलं, तर पाण्याचा नुसता पापुद्रा उरतो आणि तो नदीसारखा वाहत नाही. म्हणून खोली कमी लहान करतात, आणि मग तळाशी गोटे टाकत बसतात, जुन्या माहीत असलेल्या पुराची पातळी जुळेपर्यंत. जुळली की न आलेल्या पुराचा प्रश्न विचारायचा. संगणकात आम्ही आकड्यांचे गोटे टाकतो, एवढाच फरक.

माझ्या हाती असतं तर त्या रानातली एक प्रतिकृती साफ करून लोकांच्या ताब्यात दिली असती. जुन्या पुराचा एक आकडा पाटीवर लिहायचा. दहा मिनिटांत गोटे लावून तो जुळवा. मग नव्या पुरासाठी पातळी कुठवर येईल ते खडूनं भिंतीवर लिहा, स्वतःच्या नावासकट, आणि पाणी सोडा. पुढच्या गटानं येऊन आधी तुमची खडूची रेघ वाचायची आणि मग ओली रेघ. शेतकरी, तज्ज्ञ, आपली मुलं, भारतातून आलेली मावशी, सगळ्यांच्या रेघा एका भिंतीवर. पाणी तिथे अजून वाहतं आहे.